नानांचं नाक आणि पुण्याची वाईन

तांदळाचं गोदाम संध्याकाळी कितीही झाडा, सकाळी कोपऱ्यात मूठभर कोंडा असतोच. कुठून येतो ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. किश्शांचंही असंच. आपण काही गोळा करायला जात नाही. चार माणसं महिन्यातून एकदा पुण्याला जेवायला जातात, परत येतात, आणि वर्षाच्या शेवटी बघावं तर कोपऱ्यात ढीग.

ती चार माणसं आधी सांगतो. मी दत्तू. भोरच्या पेठेत माझं तांदळाचं दुकान, मागं गोदाम. शाळा आठवीत सुटली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं, ते अजून चालू आहे. माझ्या समोर बाबूराव, सिमेंट आणि पत्र्याचे व्यापारी. आवाज दुकानाच्या मालाला शोभेल असा. तिसरा अंकुश. मूळचा हिर्डोशीचा, माझा माल त्याच्या टेम्पोतून जातो. गळ्यात माळ आहे, दारू-मटणाला शिवत नाही. म्हणून पुण्याला जाताना जीपच्या स्टेअरिंगवर तोच. आणि चौथे नाना. कामथडीला हायवेच्या कडेला त्यांची मटणाची खानावळ. वयानं मला मोठे, म्हणून मला अरे-तुरे करतात आणि मी ऐकून घेतो.

पेठ बंद असते त्या दिवशी आम्ही दुपारी चारला निघतो. नाना पहाटे चूल पेटवतात, त्यांना वेळेत घरी सोडावं लागतं. त्यामुळे आमची नाईटलाईफ साडेआठला संपते. पुण्याची तेव्हा सुरूसुद्धा झालेली नसते!

हे लिहायला एका माणसाची परवानगी लागणार होती. ती घेतली आहे.

*

नानांच्या नाकापासून सुरुवात करायला हवी.

मी नानांना पंचवीस वर्षं तांदूळ देतोय. वेल्ह्याच्या बाजूचा इंद्रायणी, निवडक माल. गोदामाच्या पत्र्यातून एखाद्या पोत्यावर पाणी झिरपलं, तर मला चार दिवसांनी कळायचं. नानांना टेम्पोचं मागचं फळकं उघडताक्षणी कळायचं. पोत्याला हातही न लावता ते अंकुशला सांगायचे, ते डावीकडलं परत ने. अंकुश पोतं माझ्या दारात टाकायचा आणि निरोप द्यायचा, "नाना म्हणलं, पोतं भिजलंय."

एवढाच निरोप. पुढं मागं काही नाही.

एकदा मी चिडलो. पोतं वरून खडखडीत कोरडं होतं. नाक लावलं, मला काही वास येईना. पेठेतल्या चार जणांना हुंगायला लावलं, त्यांनाही येईना. मग शिवण उसवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तळाशी तांदूळ गार लागला. गुपचूप शिवण घातली आणि दुसरं पोतं पाठवलं.

रश्श्याचंही तेच. नाना रस्सा चाखत नसत. अकराच्या सुमाराला पातेल्यावरचं झाकण उघडायचं, नानांनी वाफेवर वाकायचं आणि म्हणायचं, "जमलं." मग ताटं मांडायची. बाहेर ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, पुण्याचे साहेब लोक भूक दाबून त्या एका शब्दाची वाट बघत बसलेले मी पाहिलेत. एकदा नाना "जमलं" न म्हणताच उठले आणि त्या दिवशी खानावळ बंद राहिली. मटण शेजारच्या वाडीवर वाटून टाकलं. खाल्लेले लोक म्हणाले, झकास होतं.

*

मग दीड वर्ष एकही पोतं परत आलं नाही.

व्यापाऱ्याला याचा आनंद व्हायला हवा. मला झालाही, पहिला पावसाळा सरेपर्यंत. पुढं काळजी वाटायला लागली. पत्रा तोच, पाऊस तोच, पोती तीच. मग परत का येत नाहीत?

मी जरा वाईट काम केलं. तळाला ओल धरलेलं एक पोतं मुद्दाम नानांच्या मालात घातलं. दुपारपर्यंत वाट पाहिली. अंकुश मोकळा टेम्पो घेऊन आला. मग मीच मोटरसायकल काढली आणि कामथडी गाठली, कारण तो तांदूळ कुणाच्या ताटात जाणं मला परवडणारं नव्हतं.

खानावळीच्या मागच्या दाराशी नानी लसूण सोलत बसल्या होत्या. माझ्या त्याच पोत्यावर.

"तुमीच धाडलं न्हवं मुद्दाम?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी हो म्हणालो. मग त्यांनी सगळं सांगितलं. मागं जो ताप आला, त्यात नानांचा वास गेला. वाटलं होतं आठवड्यात येईल. आला नाही. आता वाफेवर नाना वाकतात खरं, पण चाखतात नानी. मीठ-मसाला बरोबर असला की त्या पळी पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवतात, आणि मग नाना "जमलं" म्हणतात. दीड वर्ष! माझ्यासारखा गिऱ्हाइकाच्या पापणीवरून भाव ओळखणारा माणूस तिथं महिन्यातून दोनदा जेवत होता, आणि मला ते दोन ठोके ऐकू आले नव्हते.

तेवढ्यात नाना आले. मला पोत्याकडं बघताना पाहिलं आणि समजले.

"दत्तू, बाबूरावाला बोलू नगंस," एवढंच म्हणाले.

नानींचं म्हणणं होतं की असंच चालू ठेवावं. गिऱ्हाइकाला कुठं काय कळतंय?

"मला कळतंय की," नाना म्हणाले. "ज्याला वाफ कळत न्हाई, त्यानं चुलीम्होरं बसू न्हाई."

हायवेवर गाड्या धुण्याचा धंदा करणारी एक पार्टी त्यांच्या जागेच्या मागं लागली होती. नानांनी स्वतःला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर वास आला तर ठीक. नाही तर चूल विझवायची आणि जागा त्या पार्टीला द्यायची. पुण्याचा डॉक्टर म्हणाला होता, नाकाला काम देत राहा, उग्र वास हुंगत राहा. येईल, किंवा नाही येणार. नानींनी त्यांच्या खिशात लवंगा भरून ठेवल्या होत्या. पण लवंगेचा वास कसा असतो हेच नाना विसरत चालले होते.

आता उग्र वास भोरमध्ये काही कमी नाहीत. पण मला वाटलं, ओळखीच्या वासाला नाक दाद देत नसेल, तर अनोळखी वास देऊन बघावा. कल्याणीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात माझा तांदूळ जातो. मालक दोन वर्षं जेवायला बोलवत होता. बाबूराव आणि अंकुशला सांगितलं, चला, फुकटचं आमंत्रण आहे. दोघांनी कारण विचारलं नाही. फुकटला कारण लागत नाही.

*

पहिल्याच फेरीला बाबूरावांनी हॉटेल हादरवलं.

वाईन घेऊन जो स्टीवर्ड आला त्याचं नाव मिलिंद. काळा कोट, हातावर पांढरा रुमाल, इंग्रजी अशी की बाबूराव नकळत ताठ बसले. त्यानं बाटली दाखवली, उघडली, बाबूरावांच्या ग्लासात दोन घोट ओतले आणि हात मागं बांधून उभा राहिला.

आता पेठेत नमुना कसा बघतात? दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "बरा आहे. दुसरं काय आहे?" माल सोन्यासारखा असला तरी हेच म्हणायचं. पहिल्या नमुन्याला चांगलं म्हणणारा व्यापारी आमच्या पेठेत अजून जन्माला यायचाय.

बाबूरावांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. म्हणाले, "बरी आहे. दुसरी दाखवा."

मिलिंद गेला, दुसरी घेऊन आला. उघडली, ओतली. बाबूराव म्हणाले, "ही त्यापेक्षा उजवी आहे, पण अजून बघू."

तिसरी उघडली तेव्हा मिलिंदच्या कपाळावर घाम होता. बाबूरावांनी घोट घेतला, छताकडं पाहिलं आणि पुन्हा तोंड वाकडं करायला सुरुवात केली. तेव्हा मिलिंद त्यांच्या कानाशी वाकला.

"काका," तो म्हणाला, "मी भोंगवलीचा हाय. आपल्या पेठंत नमुना कसा बघत्यात ते मला म्हाईत हाय. हितं तसं न्हाई. हितं पयल्यालाच बरं म्हणायचं आसतं."

बाबूरावांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "मग पहिलीच उत्तम होती रे."

त्या दिवसापासून मिलिंद आमचा. नाना त्या संध्याकाळी तिन्ही ग्लासांवर वाकले. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. नाही.

*

अंकुशचा प्रश्न असा की त्याच्यासाठी शाकाहारी काय? दुसऱ्या फेरीला मिलिंदनं रिसोटो आणला. इटलीचा भात, बाहेरून आलेला तांदूळ, आचाऱ्यानं पाऊण तास ढवळून केलेला.

अंकुश हिर्डोशीचा. त्याच्या गावात भात पिकतो, भात खाल्ला जातो आणि भातावरून सोयरीक मोडते. त्यानं दोन घास खाल्ले आणि मिलिंदला मायेनं विचारलं की आचारी आजारी आहे का. का रे बाबा? तर म्हणे, आमच्याकडं असा गुरगुट्या भात घरात कुणी आजारी असलं तरच करतात.

हसून झाल्यावर माझ्यातला व्यापारी जागा झाला. गुरगुट्या भाताला इंद्रायणीच्या तोडीचा तांदूळ मला अजून दिसलेला नाही. पुढच्या आठवड्यात दहा किलो नमुना पाठवला. आता त्या हॉटेलच्या मेन्यूवर 'इंद्रायणी रिसोटो' असं छापलंय. टाय बांधलेली माणसं तो डोळे मिटून खातात.

अंकुश मात्र अजून म्हणतो, "शेठ, त्या समद्यांची तब्येत बरी हाय न्हवं?"

*

तिसऱ्या की चौथ्या फेरीला बाबूरावांना पब बघायची हुक्की आली. मिलिंदनं पत्ता दिला. दारात एक पहिलवान उभा. त्यानं नानांच्या पायाकडं बोट दाखवलं. चपला चालणार नाहीत, बूट हवेत.

बाबूरावांनी वाद घातला. अंकुशनं वाद घातला नाही. तो जीपकडं गेला आणि सीटखालून भातलावणीचे गमबूट घेऊन आला. हिरवे, गुडघ्यापर्यंतचे, सुकलेल्या चिखलासकट. नानांनी शांतपणे ते चढवले, पांढऱ्या लेंग्याचे पाय आत खोचले, टोपी नीट केली. पहिलवानानं बराच विचार केला. बूट तर होते. सोडलं.

आत पावणेसातला आम्ही चौघं आणि फरशी पुसणारा एक माणूस. गाणी मात्र जोरात. छातीत ढोल वाजल्यासारखं होत होतं. हळूहळू पोरं-पोरी आल्या, आणि काय सांगू, सगळ्यांचे डोळे नानांच्या बुटांवर. एका मुलीनं फोटो काढू का विचारलं. तिच्या मित्रानं ब्रँड कोणता ते विचारलं. नानांना गाण्यात काही ऐकू येत नव्हतं. ते ओरडून म्हणाले, "चिखलातलं हायती!"

मुलानं मान हलवली आणि मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

पबमध्ये अत्तरं, धूर, लिंबू, घाम, सगळं एकावर एक. मला शिंका यायला लागल्या. नानांना विचारलं. म्हणाले, "कानाला लई आलं. नाकाला काय न्हाई."

*

चीजचा किस्सा बाबूराव अजून पेठेत सांगतात. त्यांना तो अर्धाच माहीत आहे.

आषाढात मिलिंदनं वाईनबरोबर खायला निळी बुरशी धरलेलं चीज आणलं. झाकण काढलं आणि बाबूराव बोलता बोलता थांबले. त्यांनी आधी अंकुशकडं पाहिलं. मग टेबलाखाली वाकून स्वतःच्या बुटांचे तळ तपासले. अंकुश खुर्ची घेऊन दुसऱ्या टेबलाला गेला. मी रुमाल काढला.

नानांनी एक तुकडा उचलला. खाल्ला. दुसरा खाल्ला. शेंगदाणे खावेत तसं ते खात राहिले. ताटली संपली तेव्हा त्यांनी मिश्या पुसल्या आणि म्हणाले, खारट आहे थोडं.

मिलिंद बघतच राहिला. मोठमोठे साहेब लोक दोन तुकड्यांत हरतात, तो म्हणाला. त्यानं आत जाऊन सगळ्यांना सांगितलं की कामथडीच्या काकांना कळतं. त्या दिवसापासून त्या हॉटेलात बाटली उघडली की पहिला घोट नानांच्या ग्लासात. बाबूरावांना ते लागलं, पण ताटली रिकामी झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. 

परत येताना कात्रजच्या बोगद्यानंतर बाबूराव झोपले. नानांनी मला हळूच विचारलं, "वास लई हुता का रं?"

लई होता, मी म्हणालो.

"कसा?"

मी प्रयत्न केला. म्हटलं, पावसाळ्यात बंद राहिलेली खोली, त्यात कुणी ओले मोजे विसरलेत, त्यावर दूध सांडलंय. नाना डोळे मिटून ऐकत होते, जीभ टाळ्याला लावत होते. शिवापूर आलं, गेलं.

"बंद खोली कशी आसती?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर मी मालाचं वर्णन करून पोट भरलं. त्या प्रश्नाला माझ्याकडं माल नव्हता.

*

गणपती झाल्यावर नानी म्हणाल्या, मला पण बघायचंय हे काय खातात ते. नऊवारी नेसून, डब्यात स्वतःचा मसाला घेऊन त्या आल्या.

मिलिंदनं बकऱ्याची तंगडी आणली, सहा तास शिजवलेली. नानींनी बोटानं मांस सोडवलं, चाखलं आणि आचाऱ्याला बोलवायला सांगितलं. आचारी आला, उंच टोपीवाला, जरा घाबरलेला. नानी म्हणाल्या, मटण चांगलं शिजलंय पण कांदा घाईत भाजलाय; कांद्याला घाई चालत नाही, त्याला वाटलं पाहिजे की ह्यांना दुसरं कामच नाही. मिलिंदनं भाषांतर केलं. आचाऱ्यानं खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं तो स्वतः दुसरी वाटी घेऊन आला. नानींचा मसाला घालून, कांदा सावकाश भाजून. नाना तेव्हा खिडकीबाहेर गाड्यांची गर्दी बघत बसले होते. नानींनी चमचा तोंडात घातला, डोळे बारीक केले, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं चमचा ग्लासच्या काठावर दोनदा वाजवला.

"जमलं," खिडकीकडं बघत नाना म्हणाले. खानावळीच्या आवाजात. शेजारची तीन टेबलं वळून बघायला लागली.

बाबूराव चकित. म्हणाले, नाना, तुमच्यापुढं तर वाटी आलीच नाही अजून!

"त्यास्नी वाफ लांबनं कळती," नानी म्हणाल्या.

झालं. बाबूरावांनी शेजारच्या टेबलावर जाऊन हे नाक काय चीज आहे ते सांगितलं, पोत्यांचे जुने दाखले दिले. तिथल्या लोकांनी उठून नानांना हात जोडले. नानांनीही जोडले. मग ते ताटात बघत जेवले. नानींनी जेवण संपेपर्यंत चमचा ग्लासाजवळ नेला नाही.

*

दिवाळी तोंडावर आली. परतीचा पाऊस रेंगाळला होता. गाड्या धुणाऱ्या पार्टीची माणसं टेप घेऊन आली आणि खानावळीचं अंगण मोजून गेली. चूल होती तिथं त्यांनी चुन्यानं फुली मारली. पाण्याची टाकी तिथं येणार होती. सही पाडव्याला ठरली.

जीपमध्ये बसताना नाना म्हणाले, "दत्तू, ही शेवटची." बाबूरावांना वाटलं, महिन्यातली शेवटची.

हॉटेलात मिलिंदनं त्या दिवशी आमच्यासाठी खास बाटली राखून ठेवली होती. जुनी, मालकानं कौतुकानं दिलेली. त्यानं ती उघडली, बूच स्वतः हुंगलं, समाधानानं मान हलवली आणि नेहमीप्रमाणे पहिला घोट नानांच्या ग्लासात ओतला.

नाना ग्लासावर वाकले, पातेल्यावर वाकतात तसे. एवढ्या महिन्यांत मला ते वाकणं पाठ झालं होतं. वाकायचे, थोडं थांबायचे, माझ्याकडं बघून मान हलवायचे.

या वेळी त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ग्लास खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा वाकले.

"पोतं भिजलंय," नाना म्हणाले.

बाबूराव खो खो हसले. मिलिंदला म्हणाले, मनावर घेऊ नकोस, पहिल्या नमुन्याला नावं ठेवायची पेठेची खोड आता नानांना लागली. अंकुशही हसला. मी हातातला घास ताटात ठेवला.

मिलिंदनं नानांचा ग्लास उचलला. एकदा हुंगला. दिव्याखाली गेला, पुन्हा हुंगला. मग तो बाटली घेऊन आत गेला आणि मालकाला बरोबर घेऊन आला. मालकानं आधी माफी मागितली. बुचाला आतून बुरशी धरली होती. क्वचित एखाद्या बाटलीला होतं असं. वाईन दिसते चांगली, पण वास बसतो, ओल्या तागाचा, ओल्या पुठ्ठ्याचा. इतका बारीक की भल्याभल्यांना कळत नाही.

"म्या सोता बूच हुंगलं हुतं, काका," मिलिंद म्हणाला. त्याची इंग्रजी कुठल्या कुठं गेली होती. "मला न्हाई कळलं."

लगेच दुसरी बाटली आली. नाना वाकले, खूप वेळ वाकून राहिले. मग ग्लास बाजूला सारला.

"ह्येच्यात काय न्हाई," ते म्हणाले. मिलिंदचा चेहरा पडला तसं त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "चांगली आसंल की रं. ते मगाचं बूच दे."

बूच त्यांनी रुमालात बांधलं नाही, खिशात टाकलं नाही. मुठीत धरलं. मी मागच्या सीटवर शेजारी बसलो होतो. कात्रज चढताना मूठ नाकापाशी गेली. बोगद्यात गेली. शिवापूरला, नसरापूरला गेली. कामथडीला नानी दारात उभ्या होत्या. नाना उतरले, मूठ तशीच.  बाबूराव झोपलेलेच होते.

*

पुढं तीन दिवस कुणाचा काही निरोप नाही. मी चौकशीचा फोन करायला तीनदा मोबाईल उचलला आणि ठेवला. पाडवा परवावर आला होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानाची फळी उघडत होतो. अंकुशचा टेम्पो दारात येऊन थांबला. त्यानं मागचं फळकं पाडलं, एक पोतं पाठीवर घेतलं आणि माझ्या पायाशी टाकलं. सकाळीच उलटी फेरी पडली म्हणून तो वैतागला होता.

"उतरून बी घेतलं न्हाई म्हाताऱ्यानं," तो म्हणाला. "फळकं पाडलं न्हाई तर म्हणतंय, पोतं भिजलंय."

मी पोत्याला नाक लावलं. मला काही वास आला नाही. शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला. तळाशी तांदूळ गार लागला.

समोरच्या मिठाईवाल्याकडून दोन किलो पेढे आणवले. पहिला अंकुशला दिला, मग पेठेत एका कडेनं वाटत निघालो. बाबूरावांनी दोन उचलले, एक तोंडात टाकला आणि विचारलं, "कशाबद्दल, शेठ?"

"माल परत आला," मी म्हणालो.